यंदा तीनच साचे

मकरपुऱ्यातला गाळा, नंबर एकशे बारा.
रमणिकभाई मुशीत पितळ वितळवतायत
आणि पाठमोरेच विचारतात, बेन, आ वरसे शुं?
यंदा तीनच साचे परवडतील.
रबर महागलं, मेण महागलं,
आणि छंदवाल्यांचे डोळे
दर दिवाळीला थोडे अधू होतायत.

मागण्यांची वही उघडते.
नागपूरचे दातांचे डॉक्टर किरपेकर: व्हॅक्यूमचे होसपाइप, डझनभर.
'लोंबकळणारे हवेत, सरळ तर मीही करतो.'
कोइम्बतूरच्या सेल्वमला रिव्हेटं,
नुसती रिव्हेटं, चार हजार.
नाशिकच्या गर्गेबाईंना आगीची लाल बादली,
बूड गोल असलेली,
म्हणजे कुणी घरी पाणी भरायला नेणार नाही.
आणि एक निनावी पोस्टकार्ड, दरवर्षी तेच:
गार्डाचा कंदील, काच उघडणारा.
काच उघडणारा!
दोन मिलिमीटरचा कंदील, महाराज.

वेचाय ए बनावो, म्हणतात रमणिकभाई.
चूक नाही त्यांचं. भाडं त्यांनाही आहे.
माझा हिशेब जरा निराळा:
हातभरावरून गाडी बघावी,
नजर कुठेच न अडखळता इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेली
तर काम झालं.
अडखळली, की समजायचं काहीतरी राहिलंय,
काय ते पुष्कळदा मलाही सांगता येत नाही.

म्हणून रविवारी डभोईला गेले, व्हर्नियर घेऊन.
बाभळीत उभा होता अडीच फुटी लाईनीचा एक डबा
(माझ्या टेबलावर ती लाईन पावणेनऊ मिलिमीटर).
राखणदार म्हणाला, फोटो काढा, हात लावू नका.
हात न लावता मापं कशी घेऊ?
मग तोच टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला
आणि आकडे माझ्याआधी वाचायला लागला.

खिडकीखाली एक आकडा होता.
रेल्वेचा नव्हे. कुठल्याच ड्रॉइंगवर नसलेला.
जाड तार पकडीनं वाकवून, फळीत ठोकलेला,
टोक आत वळवलेलं, कुणाची बाही फाटू नये म्हणून.
त्याच्याखाली लाकूड झिजून
डब्याच्या बुडाएवढी वाटोळी खोच पडलेली.
वडील प्रतापनगरच्या शेडमध्ये फिटर होते.
त्यांनी केला असेल, नसेल.
तिथे तसे चाळीस फिटर होते.

सात सेंटिमीटर भागिले सत्त्याऐंशी.
मिलिमीटरही पुरता भरत नाही.
तार तर केसाहून बारीक निघाली असती,
थोडी जाड केली.
एवढं खोटं मी बोलते.

कोण मागतंय हे? रमणिकभाईंचा प्रश्न.
कुणीच नाही.
होसपाइपच्या साच्यात डाव्या कोपऱ्यात जागा रिकामी होती,
तिथे बसवला.
तीन साचे ठरले: पाइप, बादली, रिव्हेटं.
कंदील यंदाही नाही.
पोस्टकार्डवर पत्ता असता तर निदान तसं कळवलं असतं.

फेब्रुवारीत किरपेकरांचं पत्र आलं.
'पाइप उत्तम. पाकिटात एक तुकडा जास्त आहे.
चिमट्यातून दोनदा उडाला, दोनदा शोधला.
तुमच्या कागदावर तो कुठेच नाही.
कुठे लावायचा?'

पत्राच्या पाठीवर मी खिडकी काढली,
खाली बाक, फळी, फळीवर खूण.
पितळेची धग अंगावर घेऊन
रमणिकभाई मागे येऊन उभे,
चष्मा कपाळावर.
बराच वेळ बघितलं, मग म्हणाले,
टिफिन वगर हूक शा कामनो?

साचे तीनच, मी म्हटलं.
ते बोटानं माप दाखवत होते:
दोन पुडाचा की तीन?